कोरिआनाची शिष्टाई

शंकाकार : एका महायुद्धाची सिद्धता करण्यात तीन वर्षे खर्ची घालावी, दोन पुराणवंशांचा धाक प्रेक्षकांच्या मनात असा रुजवावा की त्यांची जहाजे पडद्यावर नुसती तरंगत आली तरी छातीत धस्स व्हावे, ग्रहामागून ग्रह बेचिराख होताना दाखवावेत, आणि अखेरीस दोन्ही आरमारे समोरासमोर ठाकल्यावर सेनापतीने व्याख्यान द्यावे व ते ऐकून दोन्ही शत्रूंनी आपला बाडबिस्तरा आवरून चालते व्हावे, याला आपण परमोत्कर्ष म्हणत असाल तर खुशाल म्हणा, मला तो दिवाळखोरीचा अर्ज वाटतो. 'बॅबिलॉन 5' या अमेरिकन मालिकेविषयी मी बोलतो आहे हे आपण ओळखलेच असेल, कारण तिचे पारायण करण्याचा आग्रह आपणच माझ्यामागे लावला होता. चौथ्या वर्षातील सहावा भाग, 3 फेब्रुवारी 1997 रोजी प्रथम दाखविला गेलेला 'इन्टु द फायर', मी मन लावून पाहिला. व्होर्लॉन हे शिस्तीचे आणि आज्ञापालनाचे उपासक. शॅडो हे कलहातूनच जीवसृष्टी बळकट होते असे मानणारे. दोघेही लक्षावधी वर्षांचे जुने, दोघेही स्वतःला लहान वंशांचे पालक समजणारे. सहा अब्ज वस्तीच्या कोरिआना 6 या ग्रहाजवळ शेरिडन नावाचा एक मनुष्य त्यांना गाठतो आणि सांगतो की आम्हांला तुमच्यापैकी कोणीच नको. ते जातात. लक्षावधी वर्षांचा तंटा तासाभरात निकाली निघतो, आणि त्यातून जाहिरातींचा वेळ वेगळा वजा करावयाचा!

रसिक : आपण कथेचा सांगाडा बिनचूक मांडलात, पण त्यातील तेवढे रक्तमांस काढून घेतलेत, आणि मग तो सांगाडा चालत नाही अशी तक्रार करीत आहात. शेरिडन तेथे हात जोडून याचना करावयास गेलेला नाही. ज्या दोन शक्ती एकमेकींना टाळून केवळ एकमेकींच्या आश्रितांना चिरडीत होत्या, त्यांना त्याने युक्तीने एका जागी आणले. त्या परिसरातील लघुग्रहांवर अण्वस्त्रे दडवून ठेवली. अतिप्राचीन वंशांपैकी जे थोडे शिल्लक होते त्यांना राखीव फौजेसारखे पाचारण केले, आणि ग्रहच्या ग्रह फोडणारे व्होर्लॉनांचे अजस्र जहाज त्यांच्याकरवी निकालात काढले. हा सारा सरंजाम मांडून झाल्यावर दोन्ही पुराणपुरुष त्याला व त्याची साथीदार डेलेन हिला मनोमन ओढून घेतात, व्होर्लॉन शेरिडनशी आणि शॅडो डेलेनशी वाद घालू लागतात, आणि त्या खाजगी संभाषणाची कवाडे लॉरिएन, म्हणजे साऱ्या सजीवांतील तो पहिला जन्मलेला, उघडी करून देतो, जेणेकरून ताफ्यातील प्रत्येक जहाजाला ते ऐकू जावे. खरी कलाटणी येथे आहे. आजवर जे गुरू शिष्यांशी एकेकट्यानेच, कोड्यांत, अर्ध्या वाक्यांत बोलत आले, त्यांचे बोलणे प्रथमच चारचौघांत झाले, आणि चारचौघांत ते पोकळ निघाले. चिडून शॅडो शेरिडनच्या जहाजावर क्षेपणास्त्र सोडतात, तेव्हा दुसऱ्याच एका वंशाचे जहाज मध्ये पडते आणि नष्ट होते. युद्ध संपते ते या ठिकाणी. भाषण हे त्याचे निमित्त. निकाल त्या मध्ये पडण्याने लागला.

शंकाकार : सरंजाम चोख होता हे मला मान्य आहे; उलट तो इतका चोख होता म्हणूनच त्याचा उपयोग न होता तो परत गोदामात गेला याची चुटपुट लागते. पण आपण ज्याला तत्त्वज्ञान म्हणता त्यामागचा व्यवहारही डोळ्यांआड करू नये. ही मालिका ज्या प्रक्षेपणसंस्थेच्या आधाराने उभी होती ती 1997 साली मोडकळीस आली होती. कर्ता जे. मायकेल स्ट्राझिन्स्की याने आरंभापासून पाच वर्षांची एकसंध कादंबरी योजिलेली, एकंदर 110 भागांपैकी 92 भाग त्याने स्वहस्ते लिहिलेले. आणि पाचवे वर्ष मिळणार की नाही याची शाश्वती चौथ्या वर्षी राहिली नाही. तेव्हा त्याने उरलेला माल एकाच गाडीत भरला. मालिकेचा शेवटचा भाग सुद्धा चौथ्या वर्षीच चित्रित करून ठेवावा लागला, आणि दुसऱ्या वाहिनीने हात दिल्यावर तो 25 नोव्हेंबर 1998 पर्यंत पेटीत पडून राहिला. ज्या युद्धाला आणखी अर्धे वर्ष पुरले असते ते सहाव्या भागात उरकले गेले, आणि रसिकजनांनी त्या घाईला शांतिपाठाचे रूप दिले.

रसिक : घाई झाली हे खरे, पण घाईमुळे हाच शेवट का सुचावा याचे उत्तर त्यात नाही. घाईत असलेला लेखक स्फोट घडवतो; आरमाराला आरमार भिडवून विजयाचा डंका वाजविणे यापरते सोपे ते काय? ह. ना. आपटे यांनी 'करमणूक' पत्रात 1890 पासून 'पण लक्षात कोण घेतो!' हप्त्याहप्त्याने लिहिली. आठवड्याचा अंक काढण्याची सक्ती त्यांच्याही डोक्यावर होतीच, पण म्हणून नायिका यमूच्या दुःखाचे श्रेय आपण छापखान्याला देत नाही. आणि खरोखरीची दिवाळखोरी पाहावयाची असेल तर त्याच 1997 सालच्या अखेरीस दुसऱ्या एका मालिकेने ती दाखविली. 'स्टार ट्रेक' परिवारातील 'डीप स्पेस नाइन'मध्ये डोमिनियनची 2800 जहाजे विवरमार्गातून चाल करून येत असता नायक त्या विवरातील देवतांना साकडे घालतो आणि त्या साऱ्या जहाजांना अंतर्धान पाववितात. द्रौपदीला वस्त्रे पुरविण्याइतकेच ते अलौकिक, पण तिच्या प्रश्नाला भीष्माने दिलेल्या बगलेत जो दाह आहे तो त्यात कोठे आहे? त्या मालिकेनेही पुढे 1999 साली युद्धाचा शेवट अधिक प्रौढपणे केला, हे सांगितले पाहिजे: रोगाने खंगलेल्या शत्रूला ओडो आपल्या स्पर्शाने औषध देतो आणि शरणागती मिळवितो. पण तेथे औषध होते. कोरिआनापाशी शेरिडनच्या हाती देण्यासारखे काहीच नव्हते.

शंकाकार : महाभारत आपणच काढलेत तर तेथेच थोडे थांबू. आपल्याकडेही शिष्टाई आहे, पण ती कोठे आहे ते पाहा. उद्योगपर्वात श्रीकृष्ण पाच गावे मागावयास जातो, सभेत सारासार विचाराची पराकाष्ठा होते, आणि दुर्योधन सुईच्या अग्राएवढीही भूमी नाकारतो. म्हणजे व्यासांनी वाद युद्धाच्या आधी ठेवला आणि तो फसू दिला. युद्धाच्या ऐन भरात, सतराव्या दिवशी, कर्णाचे चाक रुतलेले असता धर्माची गोष्ट निघते ती शत्रूला निरुत्तर करून बाण सोडण्यासाठी. आणि शेवट? मांडीवर गदा, रात्री झोपलेल्यांची कत्तल, मग स्त्रियांचा आक्रोश. शांतिपर्व येते ते राखेवर. 2 ऑक्टोबर 1988 पासून 24 जून 1990 पर्यंत रविवारी सकाळी रस्ते ओस पाडून ज्या समाजाने हे दूरदर्शनवर पाहिले, आणि ज्याच्या हाती इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' व दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' आधीच होते, त्याला शत्रू युक्तिवादाने परतला हे कसे पटावे? माझा दाखला एवढाच नाही. आपल्या पुण्याच्या जयंत नारळीकरांनी युद्धाच्या परमोत्कर्षावर विज्ञानकथा लिहिली तेव्हा आंतरतारकीय आरमारे बोलाविली नाहीत. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत 14 जानेवारी 1761 चा दिवस एका गोळीवर तोललेला आहे: ती विश्वासरावांना लागली तर आपला हा इतिहास, ती कानाजवळून निसटली तर दुसरा, ज्यात मराठे जिंकतात आणि गंगाधरपंत भलत्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. ज्याने आयुष्यभर विश्वाचे गणित मांडले त्याला युद्धाचा कल शिशाच्या गोळीत दिसला, प्रवचनात नव्हे. पानिपतावर आधी रसद तुटली, मग माणसे उपाशी राहिली, मग लढाई झाली. युद्धे अशी संपतात.

रसिक : नारळीकरांची कथा मलाही प्रिय आहे, आणि आपण ती काढलीत हे बरे केलेत, कारण तिच्यामुळेच मला माझे म्हणणे नीट मांडता येईल. गोळी कोणाला लागली यावरून जिंकले कोण हे ठरते; भांडण कशाचे होते ते गोळी ठरवीत नाही. विश्वासराव वाचले असते तर मराठे दिल्लीपती झाले असते, पण दिल्लीपती असणे म्हणजे काय, चौथाई म्हणजे काय, ज्यांच्या मुलखातून फौजा जातात त्या रयतेला कोणाचा झेंडा हवा होता, हे प्रश्न जसेच्या तसे राहिले असते. कोरिआनापाशी नेमका हा प्रश्न चव्हाट्यावर येतो. दोन महासत्ता लढत आहेत आणि त्यांपैकी कोणाचा पक्ष घ्यावा हे जो तो रयतेला विचारतो. रयत म्हणते, आम्ही पक्षच घेत नाही. आपल्याला हे परके का वाटावे? 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर 'चले जाव' म्हणून जे सांगितले गेले ते याच जातीचे नव्हते काय? जगात तेव्हा दोन गोटांचे घनघोर युद्ध चालू होते, एका गोटाचे राज्य आपल्या डोक्यावर होते, आणि शहाणीसुरती माणसे विचारीत होती की दुसरा गोट अधिक वाईट असता ही वेळ साहेबाला जा म्हणण्याची आहे काय. तरी म्हटले गेले. शेरिडनच्या तोंडचे वाक्य ऐकताना एखाद्या अमेरिकन प्रेक्षकाला आपल्या सतराशे शहात्तरची आठवण होत असेल. मला गोवालिया टँक आठवले, आणि साताऱ्याकडचे प्रतिसरकार आठवले.

शंकाकार : ठरावाने साहेब गेला हे शाळेतल्या पुस्तकाला शोभते. ठराव झाला 1942 साली आणि साहेब हलला पाच वर्षांनी, महायुद्धाने त्याची तिजोरी रिकामी केल्यावर. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत 'तलवार' या नाविक तळावरील खलाशांनी बंड केल्यावर. ज्या फौजेच्या जोरावर राज्य करावयाचे तिचाच भरवसा राहिला नाही असे दिसल्यावर. आणि जाताना त्याने देश चिरला. आपल्या मालिकेतही नेमके तेच आहे, पण आपल्यासारखे रसिक त्या भागांकडे थोडी पाठ करून बसतात. पुराणवंश गेले, पण शॅडोंचे नोकरचाकर, ते ड्राख, मागे राहिले आणि त्यांनी सेंटॉरींचे राज्य आतून पोखरले. लहान वंशांनी मिळून संघ स्थापिला, शेरिडन त्याचा अध्यक्ष झाला, आणि वर्ष उलटण्याच्या आत त्याच संघातील नार्न व ड्राझी यांनी सेंटॉरींच्या राजधानीवर तोफा चालविल्या, अध्यक्षांना तो मारा थांबविता आला नाही. एक वडीलधारा गेला की दुसरा बसतो. लांब कशाला, आपले वारजे पाहा! ज्या 1997 साली कोरिआनापाशी लहानांनी मोठ्यांना घालवून दिले, त्याच साली वारजे गाव शासनाच्या अधिसूचनेने पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. ग्रामपंचायतीचे दप्तर बंद झाले, शेताच्या बांधांवर इमारती उभ्या राहिल्या, हमरस्त्याने गाव दुभंगले. त्यात कोणी दुष्ट नव्हता. पाणी हवे, गटार हवे, रस्ते हवेत म्हणून थोरले घर आले आणि ते राहिले. मुक्त झालेल्या लहान गावाचे पुढे काय होते ते आपण दोघेही रोज खिडकीतून पाहतो.

रसिक : वारज्याचा दाखला मला अडचणीत टाकणारा आहे हे मी मान्य करतो, कारण महापालिका नको असे म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही, नळाला पाणी येते तोवर तर मुळीच नाही. आपण व्होर्लॉनांचे आतले सुख मला दाखविलेत: त्यांनीही लहान वंशांना बरेच काही दिले होते, आणि म्हणूनच त्यांना नाकारणे शॅडोंना नाकारण्याहून कठीण होते. पण यावरून आपण जो निष्कर्ष काढता, की एक गेला तर दुसरा बसतो, त्याने कोरिआनाचा प्रसंग रद्द होत नाही. पाच वर्षांनी काय झाले यावरून 1942 चा ठराव खोटा होत नाही. आणि आपण 'तलवार'चे नाव घेतलेत, तर ते कोणाच्या बाजूचे आहे? खलाशांनी बंड केले म्हणजे त्यांनी अधिक मोठी तोफ आणली असे नव्हे. आज्ञा पाळणारा पाळेनासा झाला. सत्तेचे सारे ओझे पाळणाऱ्याच्या खांद्यावर असते, तो खांदा काढून घेतला की वरचा कोसळतो. शेरिडनने अण्वस्त्रे दडविली ती पुराणवंशांना मारण्यासाठी नव्हेत, तेवढ्याने ते मरतही नव्हते. ती त्यांना पळता येऊ नये, बोलावे लागावे म्हणून. त्यानंतर जे होते त्यात एक बारीक जागा आहे, ती आपण पाहिलीत की नाही कोण जाणे. वाद हरल्यावरही व्होर्लॉन व शॅडो लगेच जात नाहीत. लॉरिएन त्यांना समजावतो की तुमच्यासारखे इतर प्राचीन वंश केव्हाच सीमेपलीकडे गेले, तुम्हीही चला. तेव्हा ते एखाद्या घाबरलेल्या म्हाताऱ्यासारखे विचारतात की तू आमच्याबरोबर येशील काय. तो येतो म्हणतो, आणि मग ते निघतात. लक्षावधी वर्षे दुसऱ्यांना शिकवीत राहण्याचा हट्ट कशाचा होता हे त्या एका प्रश्नाने उघडे पडते. त्यांना शिष्य हवे होते, कारण शिष्य गेले की ते एकटे पडत. ज्याला आपण तत्त्वसंघर्ष समजत होतो तो अर्धाअधिक एकाकीपणा निघाला, आणि तोफेने एकाकीपणाचा पराभव होत नसतो. मला हा शेवट अशक्य वाटत नाही. बऱ्याच घरांत तो रोज घडतो, आणि क्वचित दिल्लीच्या दरबारातही.

शंकाकार : लॉरिएनची जागा मी पाहिली होती, आणि ती मला आवडली होती, हे मी आतापर्यंत मुद्दाम लपविले. ती भाषणापेक्षा कितीतरी खोल आहे. परंतु माझ्या आक्षेपाचे मूळ वेगळेच आहे आणि ते मी अजून काढलेले नाही. त्याच्या आदल्याच भागात, 27 जानेवारीला दाखविलेल्या 'द लाँग नाइट'मध्ये, शेरिडन एरिकसन नावाच्या कप्तानाला एक कामगिरी देतो. पुढे फार गाजलेल्या ब्रायन क्रॅन्स्टन या नटाने ती छोटी भूमिका केली आहे. कामगिरी ही, की कोरिआना 6 येथे आपला तळ उभा राहतो आहे अशी खोटी खबर शॅडोंच्या हाती पडावी. ती खरी वाटावी म्हणून ते जहाज शत्रूशी लढून नष्ट व्हावयास हवे. एरिकसन ऐकून घेतो, समजतो, आणि जातो. सगळी माणसे मरतात. शॅडो फसतात, कोरिआनाला येतात, आणि तेथे शेरिडन त्यांना म्हणतो की तुम्ही आम्हांला सोंगट्यांसारखे वापरलेत! ज्या पटावर तो उभा आहे तो पट एरिकसनच्या जहाजाने मांडलेला आहे. सोंगट्या नसलेल्या जगाची घोषणा सोंगटी पुढे सरकवून करता येते काय? अहो, आपण या रस्त्याचे रहिवासी आहोत, एनडीएकडे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे, जाणाऱ्या रस्त्याचे. 16 जानेवारी 1955 रोजी जिचे रीतसर उद्घाटन झाले त्या प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचे नाव सुदान ब्लॉक का, हे येथल्या पुष्कळांना माहीत असते: दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी हिंदी शिपाई लढले व पडले, त्याबद्दल 1941 साली सुदानच्या सरकारने एक लाख पौंड हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयला दिले, आणि फाळणीनंतर आपल्या वाट्याला आलेले सत्तर हजार या वास्तूच्या कामी आले. दान देणारे सुदानचे सरकार इंग्रजांच्या ताब्यातले, दान घेणारा व्हाइसरॉय इंग्रजांचाच. एका साहेबाच्या दप्तरातून दुसऱ्या साहेबाच्या दप्तरात रक्कम गेली, आणि मेला तो कोल्हापूर-साताऱ्याकडचा किंवा पंजाबातला कोणी. त्याचीही संमती होती. त्याने भरतीच्या कागदावर अंगठा उठविला होता.

रसिक : एरिकसनला शेरिडनने खोटे सांगितले नाही, हा फरक आपण केवळ एका शब्दाने, 'समजतो' या शब्दाने, उरकून टाकलात. व्होर्लॉनांनी आपल्या माणसांना कधी सांगितले की तुम्ही कोणाच्या भांडणात कशासाठी मरत आहात? शॅडोंनी सेंटॉरी लोंडोला सांगितले काय की आज तुझी इच्छा पुरवितो, उद्या तुझ्या ग्रहावर आमची जहाजे उभी राहतील आणि त्यापायी व्होर्लॉन तुझे घर जाळावयास येतील? सुदानात पडलेल्या शिपायाला कोणी सांगितले काय? पन्हाळ्याच्या वेढ्यातून 1660 च्या आषाढात महाराज निघाले तेव्हा दुसऱ्या पालखीत त्यांच्या वेषात शिवा काशीद बसला, आणि तो बसला तो कोठे जावयाचे ते पुरते जाणून. पकडला गेल्यावर काय होईल हे त्याला कळत होते, आणि ज्याच्यासाठी हे करावयाचे तो समोर होता. त्याला सोंगटी म्हणण्याचे धाडस मराठी मुलखात कोणी करणार नाही. एरिकसन त्या पंक्तीतला आहे. जो जाणून जातो त्याच्या मृत्यूवर त्याचा स्वतःचा हक्क असतो, आणि सेनापतीच्या वाट्याला येतो तो शोक. म्हणूनच त्या भागाच्या अखेरीस शेरिडन टेनिसनची 'युलिसिस' कविता वाचीत बसतो. विजयाची घोषणा तेथे नाही.

शंकाकार : शोक करणारा सेनापती हा मला नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे, कारण शोक झाला की हिशेब चुकता झाला असे त्यालाही वाटते आणि आपल्यालाही. शिवा काशीदाच्या बाबतीत मी गप्प राहतो. ते गप्प राहणे तर्कातले नव्हे, भक्तीतले आहे, हे मात्र आपण लक्षात घ्यावे. पण एरिकसन गणवेशात होता. त्याने नाही म्हटले असते तर? हा प्रश्न मालिका त्याला विचारीतच नाही. तो होकार देतो तो इतका झटपट, की नकाराला जागाच उरत नाही. शॅडो व व्होर्लॉन यांना जे नाकारता येते ते आपल्या कप्तानाला नाकारता येत नसेल, तर कोरिआनाचे सारे तत्त्व वरच्या मजल्यापुरते झाले. लहान वंशांनी मोठ्यांना जा म्हणावे. लहान वंशांतील लहान माणसाने काय म्हणावे?

रसिक : त्याला मालिकेत उत्तर आहे, आणि ते कोरिआनानंतर नऊ भागांनी येते, म्हणून ते कोणी त्याच युद्धाचा भाग म्हणून मोजीत नाही. पृथ्वीवर हुकूमशहा बसलेला, त्याच्या हुकमाने प्रॉक्सिमा 3 या वसाहतीभोवती वेढा पडलेला, निर्वासितांच्या जहाजांवर गोळीबार झालेला; शेरिडन आपल्या ताफ्यासह तेथे जातो आणि पृथ्वीच्याच कप्तानांशी लढतो. त्या लढाईत काही अधिकारी हुकूम नाकारतात. 'हेराक्लिस' या जहाजावर तर हाताखालची अधिकारी लेविट कप्तानाचा अधिकार काढून घेते आणि तोफा थांबविते. येथे कोणी लॉरिएन नाही, लक्षावधी वर्षांचा कोणी गुरू नाही, समोर आहे तो रोजच्या जेवणाच्या टेबलावरचा वरिष्ठ. वर जे घडले ते खाली उतरले काय, याची परीक्षा स्ट्राझिन्स्कीने तेथे घेतली. आपण ज्या घाईला दूषण दिलेत त्या घाईनेच हे दोन प्रसंग एकाच वर्षात शेजारी आले. मूळ योजनेप्रमाणे सावकाश गेले असते तर त्यांचे नाते इतके दिसले असते की नाही, मला शंका आहे.

शंकाकार : मग परमोत्कर्ष कोठे? कोरिआनाला, की प्रॉक्सिमाला? आपण तो खालच्या मजल्यावर आणून ठेवलात, आणि तसे असेल तर आपल्या आवडत्या आरमारांची गर्दी ही केवळ नांदी ठरते.

रसिक : नांदीशिवाय नाटक उभे राहत नाही. लेविटने कप्तानाला बाजूला सारले, कारण तिच्या जगात कधी तरी कोणी तरी देवांना नाही म्हणाले होते.

शंकाकार : ती बातमी तिला ठाऊक होती असे मालिकेत कोठे आहे? त्या काळात पृथ्वीवरील साऱ्या बातम्या हुकूमशहाच्या कचेरीतून येत होत्या. बॅबिलॉन 5 या स्थानकावरील माणसांविषयी तिने ऐकले असेल ते त्यांना देशद्रोही ठरविणारे. आणि हेही विसरू नका, की तिने नाही म्हटले तेव्हा शेरिडनच्या तोफा तिच्या जहाजावर रोखलेल्या होत्या. तिने कोणाचा हुकूम मोडला हे मला दिसते. कोणाच्या धाकाने मोडला हे मला अजून दिसत नाही.

रसिक : मी ते दोन्ही भाग पुन्हा पाहीन. आपण मात्र या वेळी आधी प्रॉक्सिमा पाहा आणि मग कोरिआना; उलट्या क्रमाने शेरिडनचे शब्द कसे ऐकू येतात ते मला सांगा.

शंकाकार : पाहीन. पण तत्पूर्वी 'द लाँग नाइट' पाहीन, आणि एरिकसन होकार देतो तेव्हा त्याच्या जहाजावरील बाकीच्यांना कोणी विचारले काय, तेवढे शोधीन.